पहिलीच्या बाई रजेवर गेल्या की वर्गाचं काय होतं?

जानेवारी २०२२ चा शेवटचा आठवडा. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या गव्हर्नर मिशेल लुहान ग्रिशम सांता फे शहरातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत पोहोचल्या. उद्घाटन नव्हतं, भाषण नव्हतं, मुलांच्या हातात गुलाबाची फुलंही नव्हती. त्या दिवशी त्यांना किंडरगार्टनचा, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांचा वर्ग घ्यायचा होता. नेहमीच्या शिक्षिकेच्या जागी, बदली शिक्षिका म्हणून.

गव्हर्नर म्हणजे साधारण आपल्या मुख्यमंत्र्यांसारखं पद. एवढ्या मोठ्या बाई बालवर्गावर का गेल्या? तर ओमायक्रॉनच्या लाटेत शिक्षक धडाधड आजारी पडत होते. त्यांच्या जागी येणारे बदली शिक्षकही मिळत नव्हते. नाताळच्या सुट्टीनंतर त्या राज्यातल्या साठेक शालेय जिल्ह्यांना आणि चार्टर शाळांना वर्ग बंद करून पुन्हा ऑनलाइन जावं लागलं होतं. म्हणून सरकारने राज्य कर्मचाऱ्यांना आणि थेट नॅशनल गार्डच्या जवानांना आवाहन केलं की, या आणि वर्ग सांभाळा. मात्र एक अट होती. जवान असो की गव्हर्नर, पार्श्वभूमीची तपासणी आणि ऑनलाइन प्रशिक्षण झाल्याशिवाय वर्गात पाऊल ठेवायचं नाही. त्याच महिन्यात ओक्लाहोमा राज्याने सरकारी कर्मचाऱ्यांना बदली शिक्षक व्हायची मुभा दिली आणि मूर नावाच्या शहरात पोलिस वर्गावर उभे राहिले.

बातमी वाचायला गमतीची वाटते. पण त्यात एक गोष्ट सहज निसटून जाते. पाच वर्षांच्या मुलांच्या वर्गात आज मोठं माणूस नाही, ही त्या सरकारला आणीबाणी वाटली होती.

आता महाराष्ट्रात या.

जिल्हा परिषदेची शाळा. पहिली ते चौथी, पटावर २४ मुलं, दोन शिक्षक. आज पहिली-दुसरीच्या बाई मतदारयादीच्या कामाला तहसीलला गेल्या आहेत. मग काय होतं? काही होत नाही. म्हणजे बातमी होत नाही. तिसरी-चौथीचे गुरुजी मधलं दार उघडतात, दोन्ही खोल्यांतली मुलं एका खोलीत बसवतात आणि दिवस पुढे सरकतो. हजेरी भरली जाते, खिचडी शिजते, साडेचार-पाचला शाळा सुटते. कागदावर त्या दिवशी शाळा पूर्ण भरलेली असते.

अशी शाळा तुमच्या तालुक्यातही सापडेल. त्या दिवसाचा सगळ्यात जास्त फटका कोणाला बसला, हे कुठल्याच रजिस्टरमध्ये सापडणार नाही.

"लिहीत बसा" कोणाला सांगता येतं?

शिक्षक नसताना वर्ग चालवायची एक जुनी, सगळ्यांना माहीत असलेली पद्धत आहे. फळ्यावर काहीतरी लिहून द्यायचं आणि "लिहीत बसा" म्हणायचं. चौथीच्या मुलाला हे चालतं. "धडा वाचा, खालचे प्रश्न सोडवा" म्हटलं की अर्धा-पाऊण तास निघतो. मुलगा कंटाळेल, पण काहीतरी करेल.

पहिलीच्या मुलाला हे सांगता येत नाही, कारण त्याला अजून वाचताच येत नाही. ते शिकायलाच तर तो आलेला असतो. जे काम द्यायचं ते तोंडी, समोर बसून, हाताला धरूनच द्यावं लागतं. म्हणजे बदली माणसाशिवाय कसाबसा तरी चालू शकेल असा वर्ग मोठ्यांचा. आणि जो अजिबात चालत नाही तो लहानांचा.

आपल्याकडे समज मात्र बरोबर उलटा आहे. "दहावीच्या गणिताला दुसरे सर कुठून आणायचे?" ही काळजी सगळ्यांना असते. "पहिलीचा काय, कोणीही सांभाळेल." हे वाक्य मुख्याध्यापकांच्या खोलीतही ऐकू येतं आणि पालकांच्या तोंडीही असतं. सांभाळेल हा शब्द लक्षात घ्या. शिकवेल असं कोणी म्हणत नाही.

शिवाय मोठ्या वर्गांचं वेळापत्रक तासांत वाटलेलं असतं. इंग्रजीच्या मॅडम आल्या नाहीत तर एक तास ऑफ जातो, बाकीचे होतात. पहिलीला एकच बाई दिवसभर सगळं घेतात. त्या नाहीत म्हणजे अख्खा दिवस नाही. सलग तीन दिवस नाहीत म्हणजे तीन अख्खे दिवस नाहीत.

जूनमध्ये पहिलीत आलेल्या मुलांसाठी सुरुवातीचे बारा आठवडे 'विद्याप्रवेश' नावाचा खेळातून शाळेची तयारी करून घेणारा कार्यक्रम असतो. एनसीईआरटीने २०२१ मध्ये तो आणला. त्यात आज काय झालं त्यावर उद्याचं अवलंबून असतं. वाचन शिकवतानाही हल्ली अनेक शिक्षक क, ख, ग, घ असं सरळ ओळीने जात नाहीत. चार-पाच अक्षरांचा गट घेतात, त्यातून लगेच शब्द तयार होतात, मग पुढचा गट. आपण कुठल्या गटावर आहोत, कोणत्या मुलीला 'म' आणि 'भ' यांत गोंधळ होतो, कोण अजून आकृत्या उलट्या काढतं, हे सगळं बाईंच्या डोक्यात असतं. शेजारच्या वर्गातून आलेल्या गुरुजींना त्यातलं काहीच माहीत नसतं. मग ते बिचारे जे सगळ्यांना जमतं ते करतात. बाराखडी म्हणा, पाढे म्हणा, कविता म्हणा. आवाज छान येतो. बाहेरून जाणाऱ्याला वाटतं, वर्ग जोरात चालू आहे.

मेळघाटात याला आणखी एक पदर आहे. धारणी, चिखलदरा भागातली कितीतरी मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, तिचं मराठीशी नातंच नाही. तिथे टिकलेल्या शिक्षकाला वर्ष-दोन वर्षांत पाणी, पोट दुखतंय, घरी जायचंय, आई कुठे गेली, एवढं तरी कोरकूत कळायला लागतं. चार दिवसांसाठी दुसऱ्या शाळेतून पाठवलेल्या माणसाला हे कळेलच असं नाही. सहा वर्षांचं मूल रडतंय आणि का रडतंय ते समोरच्या मोठ्या माणसाला समजत नाही, हा प्रसंग 'अध्ययन निष्पत्ती'च्या कुठल्याही तक्त्यात बसत नाही. नंदुरबारमधल्या भिली आणि पावरी बोलणाऱ्या मुलांचं, गडचिरोलीतल्या गोंडी आणि माडिया मुलांचं दुखणंही हेच.

कायदा काय मोजतो?

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. पहिली ते पाचवीसाठी त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय की ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. कलम २६ म्हणतं की शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत. महाराष्ट्रात दरवर्षी पटावरून संचमान्यता होते आणि त्यातून पदं ठरतात.

हे सगळे आकडे पदांचे आहेत. आज, आत्ता, या खोलीत कोण उभं आहे याचा हिशोब त्यात नाही. २४ मुलांच्या शाळेत दोन पदं भरलेली असली की कायद्याच्या दृष्टीने सगळं व्यवस्थित असतं. त्यातला एक माणूस गेला की शाळेचे अर्धे शिक्षक गेले, हे गणित कुठेच मांडलेलं नाही. आणि एकशिक्षकी शाळेत तोच एक गेला तर? केंद्राच्या यू-डायस प्लस २०२४-२५ च्या आकडेवारीनुसार देशात एक लाखाहून जास्त शाळा एकशिक्षकी आहेत. त्यातल्या आठ हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रात.

इंग्लंडमध्ये मोजणीच वेगळी आहे. तिथे सरकारी नर्सरीत तीन वर्षांवरच्या १३ मुलांमागे किमान एक कर्मचारी असलाच पाहिजे, आणि त्यांच्यात किमान एक पात्र शिक्षक हवा. पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात एका शिक्षकामागे ३० पेक्षा जास्त मुलं बसवायची नाहीत, असं १९९८ च्या कायद्यापासून ठरलेलं आहे. म्हणजे नियम त्या दिवशी खोलीत असलेल्या माणसांवर लागतो. २००९ पासून तर तिथल्या शिक्षकांच्या सेवाशर्तींतच आलं की सहकाऱ्याचा वर्ग सांभाळायची वेळ शिक्षकावर क्वचितच यावी. मग शाळेला बाहेरून 'सप्लाय टीचर' बोलवावाच लागतो. त्याचा खर्च शाळांना जड जातो, एजन्सीवाले मधल्या मधे कमावतात, ही ओरड तिकडेही आहे. पण निदान माणूस नसल्याचा खर्च दिसतो. आपल्याकडे तो दिसत नाही, कारण तो मुलांनी भरलेला असतो.

केरळमध्ये शिक्षक रजेवर गेले की रोजंदारीवर शिक्षक नेमायची पद्धत आहे. महाराष्ट्रातल्या खासगी अनुदानित शाळांच्या सेवा नियमांतही रजेमुळे तात्पुरत्या रिकाम्या झालेल्या जागेवर नेमणूक करता येते. अडचण आहे ती मुख्यतः जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेची. तिथे शेजारच्या शाळेतला शिक्षक 'कामगिरीवर' पाठवतात. तो आला की त्याच्या मूळ शाळेत खड्डा पडतो.

प्रसूती रजेचं उदाहरण घ्या. राज्य सरकारी कर्मचारी महिलेला १८० दिवसांची रजा मिळते, आणि मिळालीच पाहिजे. प्राथमिकचं वर्ष कायद्यानुसार किमान २०० कामाच्या दिवसांचं. ऑगस्टमध्ये बाई रजेवर गेल्या तर पहिलीच्या वर्गाचं जवळजवळ उरलेलं सगळं वर्ष त्यात जातं. ही रजा अचानक येत नाही, कित्येक महिने आधी माहीत असते. तरी तोडगा तोच. मधलं दार उघडा. आणि मग गावात कुजबूज सुरू होते की "बाई सारख्या रजेवर असतात". बदली माणूस न देणारी यंत्रणा यातून अलगद सुटते, बोल बाईंना लागतो.

रजेपेक्षा मोठं कारण

खरं तर शिक्षक वर्गात नसण्याचं कारण दरवेळी रजा नसतंच. कायद्याचं कलम २७ सांगतं की शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामं देऊ नयेत. अपवाद तीनच. दहा वर्षांनी येणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. ऐकायला मोजकेच वाटतात.

पण निवडणुका म्हणजे फक्त मतदानाचे दोन दिवस नव्हेत. बूथस्तरीय अधिकारी, म्हणजे ज्याला सगळे बीएलओ म्हणतात, त्याला मतदारयादीचं काम वर्षभर असतं. राज्यातले कितीतरी बीएलओ प्राथमिक शिक्षक आणि अंगणवाडी सेविका आहेत. म्हणजे नेमकी तीन ते दहा वयोगटातल्या मुलांना शिकवणारी माणसं. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक आयोग विरुद्ध सेंट मेरीज स्कूल या खटल्यात सांगितलं होतं की शिक्षकांना ही कामं सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर द्यावीत. निकाल सोळा वर्षांचा झाला तेव्हा, जानेवारी २०२४ मध्ये, राज्यात मराठा आणि खुल्या प्रवर्गाचं घरोघरी सर्वेक्षण झालं. २३ जानेवारीला सुरू झालेलं हे काम फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चाललं. प्रगणकांमध्ये शिक्षक मोठ्या संख्येने होते. त्या दिवसांत पहिलीचे वर्ग कोणी घेतले, हा प्रश्न आरक्षणाच्या गदारोळात कोणी विचारणं शक्यच नव्हतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरिक्षणाचा दुसरा टप्पा १२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत जाहीर केला. त्यात गोवाही होता. काम नोव्हेंबरमध्ये सुरू झालं, म्हणजे शाळा भरात असताना. बीएलओंवरचा ताण इतका वाढला की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ४ डिसेंबर २०२५ ला न्यायालयाने राज्यांना जादा माणसं द्यायला सांगितलं. चर्चा बीएलओंच्या हालांची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. त्यांच्या मागे सोडलेल्या वर्गांची मात्र झाली नाही.

महाराष्ट्र सरकारनेही ऑगस्ट २०२४ मध्ये शासन निर्णय काढून कोणती कामं शैक्षणिक, कोणती अशैक्षणिक, याची विभागणी केली. चांगलं पाऊल. फक्त 'अनिवार्य' असाही एक कप्पा त्यात आहे, आणि वर सांगितलेली जनगणना-निवडणुकांची कामं त्याच कप्प्यात येतात.

सरकारने बदली शिक्षक आणले होते की!

आता तुम्ही म्हणाल, निवृत्त शिक्षकांना मध्यंतरी घेतलं होतं ना? घेतलं होतं. आणि तिथेच सगळा घोळ आहे.

जुलै २०२३ मध्ये राज्य सरकारने निर्णय घेतला की जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना महिना २० हजार रुपये मानधनावर कंत्राटी नेमायचं. वयोमर्यादा ७० वर्षं. 'पवित्र' पोर्टलवरून नवी भरती होईपर्यंतची ही सोय होती. वर्षानुवर्षं भरतीची वाट पाहणारे डीएड, बीएडधारक साहजिकच भडकले. त्यानंतर ५ सप्टेंबर २०२४ ला, शिक्षकदिनीच, दुसरा निर्णय आला. २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, मानधन १५ हजार. शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या. मग २० ची मर्यादा १० वर आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो निर्णयच रद्द झाला.

या सगळ्या वादात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या. एक, रिक्त पद. म्हणजे कायमचा शिक्षकच नाही. दुसरी, आजची गैरहजेरी. म्हणजे शिक्षक आहे, पण आज, या आठवड्यात किंवा सहा महिने नाही. पहिल्या दुखण्यावर औषध एकच, भरती. तिथे १५ हजारांत तात्पुरता माणूस बसवणं म्हणजे पद हळूहळू गिळणं, आणि संघटनांचा विरोध रास्त होता. पण दुसऱ्या दुखण्यावर तोच निवृत्त शिक्षक उत्तम औषध ठरू शकतो. गावातच राहणारे, तीस-पस्तीस वर्षं वर्गात घालवलेले, मुलांच्या आजोबांनाही नावाने ओळखणारे गुरुजी आठ दिवस पहिलीला मिळाले तर त्याहून चांगली सोय कोणती? सरकारने योग्य माणूस शोधला आणि चुकीच्या जागेवर बसवला. विरोध झाला तेव्हा माणूसही गेला आणि जागाही तशीच राहिली.

केंद्रागणिक, म्हणजे दहा-बारा शाळांच्या गटामागे, एक-दोन राखीव शिक्षक ठेवायचे आणि ज्या शाळेत गरज पडेल तिथे पाठवायचे, एवढीच ही कल्पना आहे. मोठ्या शोधाची गरज नाही. पण त्यासाठी सरकारला आधी मान्य करावं लागेल की पदं भरलेली असतानाही वर्ग रिकामा राहू शकतो.

दुसरी एक विसंगती बघा. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं. म्हणजे वीस वर्षं शिकवलेल्या बाईंनाही परीक्षा. पण त्या बाई नसताना वर्गावर कोण बसावं, त्याची पात्रता काय, यावर एक ओळही नाही. चौथीतली हुशार मुलगी पहिलीला अक्षरं गिरवायला लावते, हे दृश्य आपण कौतुकाने बघतो. तिचा स्वतःचा दिवस कुठे गेला, हे विचारत नाही.

सहा वर्षांच्या आत तर नियमही नाहीत

शिक्षण हक्क कायदा सुरू होतो सहाव्या वर्षी. त्याच्या खालच्या मुलांना दोनच छपरं. अंगणवाडी किंवा खासगी नर्सरी.

अंगणवाडीत सेविका आणि मदतनीस अशा दोघी असतात. सेविका बैठकीला, सर्वेक्षणाला किंवा बीएलओच्या कामाला गेली की मदतनीसच वर्ग चालवते. खिचडीही तीच शिजवते, मुलांना घरून आणायलाही तीच जाते. महाराष्ट्रातली सगळ्यात मोठी बदली शिक्षिका म्हणायची तर ती हीच, फक्त तसं तिला कोणी म्हणत नाही. ४ डिसेंबर २०२३ ला राज्यातल्या अंगणवाड्या संपामुळे बंद पडल्या तेव्हा सेविकेचं मानधन होतं १० हजार आणि मदतनीसाचं साडेपाच हजार. संप ५२ दिवस चालला, जानेवारी २०२४ च्या अखेरीस मिटला. त्यानंतर मानधन वाढलं. पण सेविका नसताना मदतनीस जे शिकवते त्याचा वेगळा मोबदला किंवा त्यासाठीचं वेगळं प्रशिक्षण, हा विषय मागण्यांच्या यादीत कायम मागेच राहतो.

याच मातीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची, ही कल्पना तिथली. ओळखीचं अंगण, ओळखीची माणसं, ओळखीची भाषा, यावर त्यांचा भर होता. अंगणवाडी हे नाव आपण ठेवलं, पण या भराचं काय झालं ते पुन्हा बघायला हवं.

खासगी नर्सरीत 'टीचर' आल्या नाहीत की दोन वर्ग एकत्र होतात आणि शू-शी, रडणं, डबा हे सगळं 'मावशी'वर येतं. किती मुलांमागे किती मोठी माणसं हवीत, याचं बंधन या शाळांवर अजून नीट बसलेलं नाही. २०२५ मध्ये राज्य सरकारने त्यांना पोर्टलवर नोंदणी करायला सांगितलं. म्हणजे आत्ता कुठे आपण त्या मोजायला लागलोय.

इथे शिक्षणाच्या पलीकडचा प्रश्नही येतो. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले. आरोपी काही दिवसांपूर्वीच कंत्राटी पद्धतीने कामावर आलेला कर्मचारी होता. त्यानंतर सरकारने शाळांना सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी बंधनकारक केली. पण अचानक एका दिवसासाठी बोलावलेल्या माणसाची पडताळणी कधी होणार? ती आधीच झालेल्या माणसांची यादी तयार असली, तरच होणार. तीन-चार वर्षांचं मूल काय घडलं ते धड सांगू शकत नाही. म्हणून त्याच्याजवळ कोण बसणार हे बाकी कोणत्याही वयापेक्षा या वयात जास्त काटेकोरपणे ठरलेलं असायला हवं. न्यू मेक्सिकोने गव्हर्नरलाही तपासणीतून सूट दिली नव्हती ती याचसाठी.

एक कागद तरी

राखीव शिक्षक यायचे तेव्हा येतील. एक गोष्ट मात्र उद्यापासून होऊ शकते आणि तिला जवळपास पैसे लागत नाहीत.

अमेरिकेत प्राथमिकच्या बहुतेक शिक्षिका आपल्या टेबलावर बदली शिक्षकासाठी एक फाइल तयार ठेवतात. त्यात दिवसाचा क्रम असतो. कोण कुठे बसतं. कोणाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. कोणाला फिट येते. कोणाला न्यायला फक्त आजीच येते आणि दुसरं कोणी आलं तर सोडायचं नाही. वर्गातली कोणती दोन मुलं मदतीला घ्यावीत. आज काहीच जमलं नाही तर करायचे दोन-तीन सोपे खेळ. अनोळखी बाई वर्गात आली तरी 'आधी गाणं, मग गोष्ट, मग पाणी' हा क्रम तसाच राहिला की लहान मुलं लवकर शांत होतात. कारण त्यांना घड्याळ कळत नाही, क्रम कळतो.

आपल्या पहिलीच्या बाईंना हे सगळं पाठ असतं, म्हणूनच ते कुठे लिहिलेलं नसतं. आधीच शंभर रजिस्टरं भरणाऱ्या शिक्षकाला आणखी एक कागद द्यायचा का, हा आक्षेप खरा आहे. त्यावर एकच म्हणता येईल की हा कागद वर पाठवायचा नाही, कोणत्या पोर्टलवर चढवायचा नाही. भिंतीवर लावायचा किंवा कपाटात ठेवायचा. त्यात 'वाचनाचा कुठला अक्षरगट चालू आहे' एवढी एक ओळ जरी असली, तरी मधल्या दारातून आलेल्या गुरुजींना बाराखडीच्या पलीकडे काहीतरी घेता येईल. मेळघाटासारख्या भागात त्याच कागदावर कोरकूतले पंधरा-वीस शब्द लिहिता येतील.

आणि पालकांसाठी. शिक्षण हक्क कायद्यातल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांनुसार शिक्षकांवर कलम २७ च्या बाहेरची बिगरशैक्षणिक कामं लादली जात नाहीत ना, हे पाहणं या समितीचं काम आहे. बैठकीत चहा पिऊन सही करण्याआधी दोन प्रश्न विचारता येतात. गेल्या महिन्यात पहिलीच्या वर्गावर त्यांच्या बाई किती दिवस नव्हत्या? आणि त्या दिवशी वर्गावर कोण होतं? विचारताना रोख बाईंवर नको. त्या कुठे गेल्या होत्या आणि कोणाच्या आदेशाने, हेही त्याच इतिवृत्तात लिहून घ्या. दर महिन्याच्या इतिवृत्तात हे आकडे आले की गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवायला काहीतरी हातात राहतं. आजच्या घडीला ही माहिती शाळेबाहेर कुठेच जमा होत नाही.

हे लवकर सुरू करायला कारणही आहे. जनगणनेचा घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात ठरलेला आहे. प्रत्यक्ष लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. नेहमीप्रमाणे प्रगणकांत शिक्षक असणार, आणि कायद्याने ते योग्यही आहे. फेब्रुवारीत पहिलीची मुलं साधारण जोडाक्षरांपर्यंत पोहोचलेली असतात. त्या दिवसांत वर्गावर कोण असेल, हे ठरवायला जिल्हा परिषदांकडे अजून वेळ आहे.